वनिता गजभियेचा डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला मी झाडून सगळं सांगते त्या धाकट्या बहिणीलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही हं. कितीदा तरी आली. ऐन वेळी मी चहा टाकायला उठले, नाहीतर विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. आता निवृत्त आहे. माहेर शनिवार पेठेतलं, सासर कर्वेनगरातलं — जीभ मात्र माहेरचीच राहिली. एका वाक्यात समोरच्याला गार करायचं आणि आपण हसायचंसुद्धा नाही, याचा आमच्या घरी सगळ्यांना अभिमान होता. वडील तसेच, आत्या तशीच. स्टाफरूममध्ये माझी वाक्यं दिवसभर फिरायची. "आज मॅडम काय म्हणाल्या, ऐकलंत का?" — हे कानावर पडलं की मला गुदगुल्या व्हायच्या. अजूनही होतात. खोटं कशाला बोलू?

पण मला सांगायचंय ते वनिताबद्दल. म्हणजे — माझ्याबद्दलच, पण वनितावाचून ते सांगता येत नाही. आणि वनिताबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, अशी माझी ख्याती आहे. कर्वेनगरात कुणालाही विचारा. वनिता गजभियेचं कौतुक कोण सगळ्यात जास्त करतं? मी. ते कौतुक अगदी मनापासूनचं आहे, त्यात खोट नाही. खोट दुसरीकडे आहे.

वनिता मूळची भंडाऱ्याकडची. नवरा अशोक पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होता. नव्वदच्या दशकातले दिवस. बाहेरच्या कंपन्या येत होत्या, घरोघरी केबल आली होती, जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला धावत होता, आणि अशोकच्या कारखान्याने माणसं कमी करायला घेतली. हातात थोडी रक्कम ठेवायची आणि घरी पाठवायचं. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे. स्वेच्छा कुणाची, ते विचारायचं नाही. ती रक्कम धाकट्या मुलीच्या आजारपणात गेली. मग वनिताने घरातून डबे द्यायला सुरुवात केली. विदर्भातून शिकायला आलेली कितीतरी पोरं तेव्हा कर्वेनगरात खोल्या घेऊन राहायची, आणि आमच्याकडची गूळ घातलेली आमटी खाऊन रडकुंडीला यायची. त्यांना वनिता सापडली.

मी त्या दिवसांत संध्याकाळी बायकांसाठी एक फुकट वर्ग घ्यायचे. स्वतःचा छोटा धंदा कसा सुरू करावा, भाव कसा ठरवावा, कर्ज कसं मागावं. मी जन्मात एक लिंबूसुद्धा विकलेलं नव्हतं, पण शिकवत होते झकास! वनिता पहिल्या बाकावर बसायची आणि मला एक विषय धड पुरा करू द्यायची नाही. पोरं परीक्षा संपली की दोन महिने गावाला जातात, मग भाडं कोण भरणार? एखादं पोरगं महिन्याचे पैसे न देताच पळून गेलं तर? मी हसले की म्हणायची, "हसून नका राहू मॅडम, मी खरंच विचारून राहिले." बाकीच्या बायका माना डोलवायच्या, वही बंद करून घरी जायच्या. वनिता दुसऱ्या दिवशी ते करून बघायची आणि तिसऱ्या दिवशी येऊन भांडायची. मला ती फार आवडायची. हेही खरंच आहे.

कॉलेजच्या रस्त्यावर कोपऱ्यात एक गाळा रिकामा झाला. दोन माणसं उभी राहिली की भरून जावा एवढासा, पण मोक्याचा. मालकाला मोठं डिपॉझिट हवं होतं आणि तो फार थांबायला तयार नव्हता. वनिता बँकेत गेली, तर बँक म्हणाली, तारण काय ठेवता? वनिताकडे तारण ठेवण्यासारखा एक तवा होता. मग राहिली आमची बायकांची पतसंस्था. मी तिच्या संचालक मंडळावर होते. मीच वनिताला म्हटलं, "अर्ज कर. मी आहे ना."

मी आहे ना! किती सहज म्हटलं होतं मी ते.

आमच्या पतसंस्थेची पद्धत सांगायला हवी. अध्यक्षा मालतीबाई होत्या — निवृत्त मुख्याध्यापिका, कडक इस्त्रीची सुती साडी, कमी बोलणं, आणि बोललं की ते शेवटचं. ज्या बाईकडे गहाण टाकायला काही नाही तिलाच कर्ज द्यायला आपण बसलोय, असं त्या म्हणायच्या. पण मग भरवसा कसा ठेवायचा? तर त्यांचा नियम होता. बाई कपडे शिवत असेल, तर संचालकांपैकी कुणीतरी तिच्याकडून ब्लाउज शिवून घेतलेला असला पाहिजे. लोणची करत असेल, तर कुणाच्या तरी घरात तिची बरणी असली पाहिजे. मग बैठकीत मालतीबाई एवढंच विचारायच्या, "कोणी वापरून बघितलंय?" जिने बघितलंय तिने सांगायचं. तिचा शब्द हेच तारण. एवढ्यावर कर्जं दिली जायची, आणि आमची कर्जं सहसा बुडायची नाहीत.

वनिताच्या बाबतीत सांगणार मी होते. हे तिलाही माहीत होतं. म्हणून बैठकीच्या आधी एके दिवशी दुपारी ती स्टाफरूममध्ये आली, आणि माझ्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. गरम होता. "पाटवडीचा रस्सा आहे मॅडम. खाऊन सांगा. मीठबीठ कमी असलं तर तसंही सांगा." आणि डबे पोचवायचे होते म्हणून घाईघाईत निघून गेली.

इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनात हे कितीदा तरी सांगून झालंय, आणि दर वेळी मी या डब्यापाशी थांबते.

तो डबा मी खाल्ला नाही. उघडलासुद्धा नाही. कॉलेजच्या शिपायाला बोलावलं आणि म्हटलं, "घ्या, आज माझा उपास आहे." गुरुवार होता, उपास होताच. बघा, किती सोयीचा उपास! पण तुम्ही मला विचाराल, की शुक्रवारी आला असता तो डबा, तर खाल्ला असता का? — नसता खाल्ला. गजभिये म्हणजे कोण, हे मला वर्गाच्या पहिल्या दिवशी नाव लिहून घेतानाच कळलं होतं. पुण्यात ते कळायला वेळ लागत नाही. बौद्ध घरातली बाई. तिच्या हुशारीचं मला कौतुक होतं, तिच्या धडपडीचं होतं, तिच्याबरोबर एका बाकावर बसायला माझी ना नव्हती. समतेवर कॉलेजात भाषण करून टाळ्या घेतलेली बाई मी. पण तिच्या हातचं — नाही. घशाखाली उतरणार नाही असं वाटलं. कुणी शिकवलं, कधी शिकवलं, ते मला सांगता यायचं नाही. ते माझंच होतं, एवढं नक्की.

शिपाई दुसऱ्या दिवशी डबा घासून घेऊन आला. "मॅडम, काय वड्या होत्या हो! घरी मंडळींनी रस्सा वाटीला तोंड लावून प्यायला." मी तेच वाक्य जरा नीटनेटकं करून वनिताला दिलं. "काय सुरेख झाल्या होत्या ग वड्या! रस्सा तर आम्ही वाटीला तोंड लावून प्यायलो." तिचा चेहरा असा फुलला! मी डबा परत करताना त्यात साखर घातली होती. रिकामा डबा परत करू नये ना. रीतभात मला सगळी येते.

आता बैठकीचं.

संध्याकाळची वेळ, पतसंस्थेची ती एक खोली, पंख्याची घरघर. बाहेर जिन्याजवळच्या बाकावर वनिता बसलेली. तिला बोलावलेलं नव्हतं, पण गाळ्याचा मालक दुसऱ्या दिवशीपर्यंतच थांबणार होता. तिचा अर्ज निघाला. दोघीतिघी जरा का-कू करत होत्या, भाडं जास्त आहे, नवरा घरी बसलाय वगैरे. मालतीबाई म्हणाल्या, "मला ही बाई चिकाटीची दिसते. माझं मत, कर्ज द्यावं असं आहे." आणि माझ्याकडे वळल्या. "तू खाल्लंयस ना हिच्या हातचं? कसं असतं?"

एक शब्द पुरला असता. चांगलं असतं, एवढंच. खोटं ठरलं नसतं, शिपायाच्या घरची साक्ष होती की! आणि खोटं मी काही पहिल्यांदा बोलणार नव्हते, वनिताच्या तोंडावर बोललेच होते. मग तेव्हा का नाही? मालतीबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, यांना दिसतंय. ही बाई इतकी वर्षं पोरींच्या तोंडावरून खोटं ओळखत आलीये, हिला दिसतंय मी खाल्लेलं नाही, आणि का खाल्लेलं नाही तेही. मग मी ते केलं जे मी अडचणीत आले की करते.

मी म्हटलं, "चवीचं काय घेऊन बसलात मालतीबाई? आपल्या कर्वेनगरात लोक आधी आडनाव चाखतात, मग पोळी."

खोली खदखदून हसली.

अहो, तसं बघितलं तर वाक्य वाईट नव्हतं. कुणीही म्हणेल, बाईंनी कर्वेनगरलाच टोला हाणला. मीही स्वतःला पुढे कितीतरी वर्षं तसंच सांगत आले. पण ज्या का-कू करत होत्या त्यांना ते वाक्य आयतं मिळालं. "हे मात्र खरं हो." "चालायचं नाही इथे, बुडेल बिचारी." "तिच्याच भल्यासाठी नको." मालतीबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लोक आडनाव चाखत असतील तर आपण कशाला बसलोय इथे?" बराच वेळ त्या एकट्या बोलत राहिल्या. शेवटी हात वर झाले. अर्ज नामंजूर. आणि मी — मी हात वर केला नाही, खाली ठेवला नाही, पदर सावरत बसले. खरं सांगू? त्या क्षणी माझ्या मनात वनिता नव्हतीच. खोली हसली होती, आणि मला बरं वाटत होतं.

बाहेर आले तर वनिता उठून उभी राहिली. आता काय सांगायचं? मालतीबाई आत कागद आवरत होत्या, बाकीच्या मागच्या जिन्याने सटकल्या. मला एकटीला बघून तिला वाटलं, मी मुद्दाम तिला सांगायला आलेय. मी तिचा हात धरला, बाकावर बसवलं, शेजारी बसले. आणि म्हटलं, "मी खूप भांडले ग तुझ्यासाठी. पण मालतीबाईंनी ऐकलं नाही."

झालं. हे ते.

वाक्य तोंडातून गेल्यावर मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर चिडेल. उलट ती माझाच हात दाबून म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तुम्ही काहून वाईट वाटून घेता? तुम्ही बाहेर येऊन सांगितलं तरी. बाकी कोणी आलं का?"

पुढचं सगळं कौतुकाचंच आहे, आणि त्यात माझा काडीचाही हात नाही.

वनिता राहायची त्या वस्तीत बायकांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने रक्कम उचलायची. भिशी नेमकी नव्याने सुरू होत होती. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बायका त्या. कुणाचं पत्र्याचं छप्पर गळत होतं, कुणाच्या पोराची फी थकली होती. त्या रात्री त्यांनी चिठ्ठीच टाकली नाही. पहिली उचल वनिताची, म्हणाल्या. तेवढ्याने भागेना, तर तिचे डबे घेणारी पोरं पुढे आली. घरून महिन्याचे पैसे येतात ते पोरांनी पुढच्या सहा महिन्यांच्या जेवणापोटी आधीच तिच्या हातावर ठेवले. कॉलेजात मी तारण-विनातारण असं खूप शिकवलंय, पण असं कर्ज मी कुठे वाचलं नव्हतं. सकाळी गाळ्याच्या मालकापुढे पैसे ठेवून ती मोकळी!

बोर्ड रंगवायच्या वेळी मला विचारायला आली. मी म्हटलं, "अन्नपूर्णा ठेव, नाहीतर सुरुची. आडनाव कशाला घालतेस?" अगदी हितचिंतकाच्या आवाजात म्हटलं. ती म्हणाली, "पोळी माझी आहे ना मॅडम? मग नाव दुसऱ्याचं काहून?" आणि भल्या मोठ्या अक्षरांत, पार रस्त्याच्या पलीकडून दिसेल असं लिहिलं — गजभिये पोळी-भाजी केंद्र.

चाललं का? पहिले काही महिने विद्यार्थ्यांवरच चाललं. आमच्या सोसायटीतल्या बायका पलीकडच्या फुटपाथवरून जायच्या. काही जणी आजही तिथे घेत नाहीत, तेही सांगून टाकते. पण पोळीचा वास कुणाला अडवता येतो? पदर सुटलेली, मऊसूत, घडीची पोळी, आमच्याहून पातळ. मग आयटीवाल्यांच्या बसगाड्या यायला लागल्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या पोरी संध्याकाळी बसमधून उतरायच्या, आणि घरी जाऊन कणीक मळायची ताकद कुणाच्यात नसायची. त्यांना आडनावाशी काय करायचंय! पोळ्या, सुकी भाजी, बुधवारी पाटवडी-रस्सा. रांग रस्त्यावर यायला लागली. मग रांगेत आमच्या सोसायटीतल्या बायकाही दिसायला लागल्या. पुढे वनिताने शेजारचा गाळा घेतला, वस्तीतल्या भिशीवाल्याच बायका पगारावर ठेवल्या, अशोकने पोळ्या शेकायचं यंत्र स्वतः बसवलं. लोणी काळभोरला कॉलेजांजवळ दुसरं स्वयंपाकघर झालं. धाकटी मुलगी इंजिनियर झाली.

आणि मी खायला लागले का? हो. पहिल्यांदा रांगेत उभी राहिले तेव्हा लाज वाटत होती. लाज नक्की कशाची, ते मात्र विचारू नका. पोळ्या घरी नेल्या, सासूबाईंनी विचारलं, कुठून आणल्यास? मी म्हटलं, "कोपऱ्यावरून." सासूबाईंनी दोन जास्त खाल्ल्या.

पण बघा, मी परत विषय बदलला. मालतीबाईंचं राहिलं.

दुकान उघडलं त्या दिवशी वनिताने मला नारळ फोडायला लावला. सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम माझ्यासाठी भांडल्या. कोणी नव्हतं तेव्हा ह्या होत्या." मी नारळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालतीबाई आल्या होत्या, बोलावणं नसताना. आपल्या आपण रांगेत उभ्या राहिल्या, पोळ्या घेतल्या, पैसे दिले, म्हणाल्या, "यश येऊ दे." वनिताने पुडकं पुढे सरकवलं आणि मान दुसरीकडे केली. पुढे कितीतरी वर्षं मालतीबाई तिथूनच पोळ्या न्यायच्या. वनिता पैसे घ्यायची, सुटे परत द्यायची, एक अक्षर बोलायची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा छाटणारी बाई! एकदा मालतीबाईंनी मला विचारलं, "ही माझ्यावर रागावलीये का ग?" मी म्हटलं, "छे हो, कामात असते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. बैठकीत बघितलं होतं तसंच. पण बैठकीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा त्यांचाच नियम होता, आणि त्यांनी तो माझ्यासाठीसुद्धा मोडला नाही.

मालतीबाई वारल्या तेव्हा वनिता त्यांच्या घरी भेटायला आली. चप्पल काढून जिन्यापाशीच उभी राहिली, आत आली नाही. मी बाहेर गेले तर म्हणाली, "तुमच्यासाठी आले मॅडम. तुम्हाला वाईट वाटत असेल म्हणून. नाहीतर मी आले नसते." त्या वेळी सांगायला हवं होतं ना? आत मालतीबाईंचा फोटो, हार, उदबत्ती. बाहेर आम्ही दोघीच. एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी म्हटलं, "बरं केलंस आलीस."

आता वनिता स्वतःच पैसे देते. दुकानाच्या नफ्यातून बाजूला काढते, जुन्या भिशीवाल्या बायका भर घालतात, आणि नव्याने धंदा करणाऱ्या बाईला आधार देतात. कुणाला इडलीची गाडी, कुणाला पिको-फॉलचं मशीन. मी निवृत्त झाल्यावर तिने मलाही त्या मंडळात ओढलं. दुकानाच्या माळ्यावर आम्ही बसतो, खाली जिन्यापाशी एक बाक ठेवलाय. तिचे नियम साधे आहेत. बाईला नुसत्या नावाने हाक मारायची, आडनाव विचारायचं नाही. आधी तिचं काम बघायचं, तिच्या हातचं खायचं. आणि नाही म्हणायचं असेल, तर मंडळातल्या एकीने खाली जायचं, तिच्या शेजारी बाकावर बसायचं, आणि का नाही ते तोंडावर खरं खरं सांगायचं. निरोप पाठवायचा नाही, मागच्या जिन्याने जायचं नाही. हा नियम कुठून आला, ते ती प्रत्येक नवीन बाईला सांगते. "मला सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. पण मॅडम बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या, आणि खरं सांगितलं. त्याच्यावर मी उभी राहिली."

मी तिथेच बसलेली असते. दर वेळी.

मागच्या महिन्यात लोणीची एक बाई आली होती, कविता. वडापावची गाडी टाकायची होती. हाताला चव होती, मी दोन वडे खाल्ले. पण गाडीची जागा दिराच्या नावावर होती, आणि दीर आत्तापासूनच हिशेब आपल्याच हातात हवा म्हणत होता. मंडळाने ठरवलं, आत्ता नको. वनिता माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही सांगा. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

मी खाली गेले. कविताच्या शेजारी बसले. म्हटलं, "गाडी तू चालवशील आणि पैसे दीर नेईल, असं आम्हाला वाटतंय. जागा तुझ्या नावावर करून घे आणि परत ये. आज नाही." ती भडकली. "म्हंजी माझ्या घरात काय हाय ते तुमी ठरवणार व्हय?" तावातावाने उठून गेली. मग रस्त्यापर्यंत जाऊन परत आली आणि विचारलं, जागा नावावर करायला काय कागद लागतात. मी सांगितले. किती सोपं होतं ते! एवढं सोपं असतं, हे मला या वयात कळलं.

वर गेले तर वनिताने माझ्यापुढे चहा आणि पाटवडीची बशी ठेवली होती. "रडली का?" म्हणाली. म्हटलं, "नाही, भांडली." ती खूश झाली. "मग येईल परत." आणि चष्मा पुसत मंडळातल्या नव्या मुलीला सांगायला लागली, त्या संध्याकाळचं, पंख्याच्या घरघरीचं, बाकाचं, माझं. मालतीबाईंचं नाव आलं तेव्हा तिने तोंड वाकडं केलं. मी वडी खात होते. चांगली झाली होती.

वनिता दुपारी दुकान थंड असतं तेव्हा वाचत बसते. हेही वाचेल. म्हणून शेवटचं तिलाच सांगते.

वनिता, त्या दिवशी आत तुझ्यासाठी भांडल्या त्या मालतीबाई. तुझा अर्ज पाडला तो मी. आणि तुझ्या पहिल्या डब्यातली वडी मी चाखलीसुद्धा नव्हती.